ओव्याचं पान आणि प्रोव्हान्सची बाटली

गेल्या वर्षी अंबरनाथच्या मामांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि त्या घरातलं जेवण एका दिवसात मेलं. मामी शिस्तीच्या. वरणात मीठ नाही, भाजीत नावापुरतं, लोणचं-पापड ताटातून हद्दपार. शिवाय ‘पथ्य म्हणजे पथ्य’ म्हणून फोडणीही आटली, मसाला निम्म्यावर आला. खरं तर मसाल्याबद्दल डॉक्टर एक शब्दही बोलले नव्हते. तीन महिन्यांत मामांचं वजन चार किलोनं उतरलं. रक्तदाब मात्र फारसा हलला नाही. कारण पुढे कळलं. संध्याकाळी ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघालेले मामा स्टेशनाकडे जाऊन वडापाव आणि वर मिठातल्या तळलेल्या मिरच्या खाऊन येत. शर्टाच्या खिशात सापडलेल्या तेलकट कागदानं बिंग फोडलं.

याच सुमारास त्यांच्याकडे कुणीतरी परदेशातून आणलेली एक छोटी बाटली भेट आली. आत हिरवट-करडा चुरा. लेबलवर ‘एर्ब द प्रोव्हान्स’, म्हणजे प्रोव्हान्स प्रांतातल्या वनस्पती. भाची म्हणून ती उलगडून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी काही बोलायच्या आत मामींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, हा तर ओवा!’

मामी शंभर टक्के बरोबर होत्या. त्या बाटलीत ओवा नव्हता, थाईम होतं. पण थाईमला त्याचा वास देणारा मुख्य रेणू म्हणजे थायमॉल, आणि ओव्याच्या सुगंधी तेलातही निम्म्याच्या आसपास थायमॉलच असतं. गंमत म्हणजे या दोन वनस्पतींचं एकमेकींशी जवळचं नातं नाही. थाईम हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. ओवा हा जिरं, धणे, शेपू, बडीशेप यांच्या कुळातला. एक भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवरचं झुडूप, दुसरं आपल्याकडचं शेतातलं पीक. दोघांनी आपापल्या वाटेनं तोच रेणू बनवला, तोही बहुधा एकाच कामासाठी. बुरशी, जीवाणू आणि पानं खाणारे किडे यांना दूर ठेवण्यासाठी. आपल्या जिभेला तो आवडेल याची त्यांना कल्पना नसावी.

त्या बाटलीत ऑरेगानोही होतं. त्याचा वास मुख्यतः कार्व्हाक्रॉलचा. हा थायमॉलचा सख्खा भाऊ, रेणूत फक्त एका गटाची जागा वेगळी. हा कार्व्हाक्रॉल आपल्याकडे कुठे मिळतो? उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कित्येक बाल्कन्यांत, डालड्याच्या जुन्या डब्यात किंवा रंगाच्या रिकाम्या बादलीत जे जाड, लोकरी पानांचं झाड वाढतं त्यात. आपण त्याला पानओवा म्हणतो, पाऊस आला की त्याची भजी करतो आणि लहान मुलाला खोकला झाला की पान चुरगळून हुंगवतो. ओवा त्याच्याशी नावापुरताच जोडलेला. कुळानं ते थाईम-ऑरेगानोचंच भावंडं आहे.

फ्रेंच स्वयंपाकातल्या या मिश्रणांबद्दल आपल्याकडे एक भारदस्त समज आहे. शतकानुशतकं चालत आलेलं, मोजूनमापून ठरलेलं काहीतरी असावं असं वाटतं. प्रोव्हान्सच्या मिश्रणाची खरी कथा बरीच साधी आहे. त्या भागातले लोक टेकडीवर मिळणारी रोझमेरी, थाईम, सॅव्हरी, ऑरेगानो वापरत आलेच होते. पण ठरावीक मिश्रण ठरावीक नावानं बाटलीत भरून विकणं हे मसाला व्यापाऱ्यांचं काम, आणि ते नाव १९७०च्या दशकात सगळीकडे पोचलं. नाव कायद्यानं राखीव नसल्यामुळे बाटलीतला माल पूर्व युरोपातून, उत्तर आफ्रिकेतून, कुठूनही आलेला असू शकतो. पुढे २००३ साली फ्रान्सनं या मिश्रणासाठी ‘लेबल रूज’ हे दर्जाचं चिन्ह देऊ केलं. अमेरिकेतल्या बाटल्यांत दिसणारी लव्हेंडरची फुलं तर मूळ मिश्रणात नव्हतीच. आपल्याकडच्या ‘मालवणी’, ‘कोल्हापुरी’ अशा पाकिटांची गोष्ट आठवली ना?

त्या स्वयंपाकातलं शिकण्यासारखं दुसरंच काही आहे. त्यांची जी तीन-चार प्रसिद्ध मिश्रणं आहेत, त्यांत वनस्पती कुठली यापेक्षा ती भांड्यात कधी पडते याचा विचार पक्का आहे. ‘बुके गार्नी’ म्हणजे थाईम, पार्सली आणि बे लीफ दोऱ्यानं बांधलेली जुडी. रस्सा किंवा सूप शिजायला ठेवतानाच ती सोडायची आणि वाढण्यापूर्वी दोरा धरून बाहेर काढायची. याउलट ‘फीन एर्ब’ हे पार्सली, चाइव्ह, टॅरागॉन आणि शेर्व्हिल या कोवळ्या पाल्यांचं बारीक चिरलेलं मिश्रण. ते गॅस बंद करताना वरून पडतं.

यामागे रसायनशास्त्र आहे. थाईम, रोझमेरी, बे लीफ या कोरड्या, कडक उन्हातल्या वनस्पती. त्यांची सुगंधी तेलं पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत, जाड आवरणाखाली बंद असतात. पान वाळलं तरी वास टिकतो, शिजताना तो हळूहळू बाहेर येतो. कोवळ्या पाल्याचा वास मात्र हलक्या, झटकन उडून जाणाऱ्या रेणूंचा. दहा मिनिटं उकळलं की उरतो फक्त हिरवा चोथा. कोथिंबिरीच्या पानांचा वास आल्डिहाइड गटातल्या रेणूंमुळे येतो. म्हणूनच वाळवलेल्या कोथिंबिरीला जवळजवळ गवताचा वास येतो आणि आपली आजी कोथिंबीर शेवटीच भुरभुरवायची. धण्याचा मुख्य रेणू वेगळा, लिनालूल. तो बियांत बंद असतो, म्हणून धणे वर्षभर टिकतात. एकाच रोपाचे दोन भाग, दोन वासांचे, आणि स्वयंपाकात दोन वेगळ्या वेळी येणारे.

इथे एक तळटीप द्यायलाच हवी. बे लीफ म्हणून आपल्याकडे जे दिलं जातं ते बहुधा तमालपत्र असतं. ते दालचिनीच्या जातीचं झाड; पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा धावतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. खऱ्या बे लीफला मधोमध एकच शीर असते आणि वास निलगिरीकडे जातो. दोन्ही चांगली, पण एकाच्या जागी दुसरं घातलं तर पदार्थ बदलतो. आणि दोन्ही कितीही शिजवली तरी मऊ होत नाहीत. कडक, टोकदार तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून पुलावातून पान काढून ठेवायची सवय शिष्टाचारापेक्षा सुरक्षिततेची आहे.

आमच्या पट्ट्यात ‘फीन एर्ब’ला टक्कर देईल असं पाल्याचं मिश्रण उल्हासनगरात आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं आली, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं आणि तिथल्या चुलींवर साईभाजी शिजू लागली. पालक हा पाया, त्यात आंबट चुका, शेपू, मेथी, हरभऱ्याची डाळ. सगळं एकत्र शिजवून घोटायचं. यातला चुका विशेष कामाचा. आंबटपणामुळे जिभेला खारटपणा जास्त जाणवतो, त्यामुळे मीठ कमी पडलं तरी भाजी अळणी वाटत नाही. मामींना मी पहिली शिकवलेली गोष्ट हीच. मात्र पालक आणि चुका दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी रोजची करू नये.

आता मिठाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि तोही सगळं धरून. लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, पाव यांतलं मीठ त्यातच आलं. आपण सरासरी यापेक्षा बरंच जास्त खातो. पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच. पाहुणा आला की पापड आणि पाणी पुढे करणाऱ्या आमच्या उल्हासनगरच्या शेजाऱ्यांना हे सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं.

मीठ कमी केल्यावर जेवण बेचव लागतं याचं कारण मीठ फक्त खारट चव देत नाही. ते इतर चवी उठावदार करतं आणि कडवटपणा दाबतं. ते काढलं की पोकळी पडते. ती मिरी-ओवा-कोथिंबिरीनं शंभर टक्के भरत नाही, पण बरीचशी भरते, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. घास चावताना त्यातले सुगंधी रेणू घशामागून नाकात चढतात. सर्दी झाली की वरण आणि कढी सारखीच का लागतात, ते यामुळेच. दुसरा दिलासा म्हणजे जीभ जुळवून घेते. कमी मिठाचं जेवण काही आठवडे सलग खाल्लं की पूर्वीचं जेवण खारट वाटू लागतं. मधेच वडापाव झाला, की ही सवय पुन्हा मागे जाते. मामांचं नेमकं तेच होत होतं.

मग मामींच्या स्वयंपाकघरात आम्ही बुके गार्नी बांधली. दोन पानओव्याची पानं, एक तमालपत्र, कोथिंबिरीचे देठ आणि आल्याचा तुकडा, दोऱ्यात करकचून. ती तुरीच्या डाळीत कुकर लावतानाच टाकली. पहिल्या दिवशी मामा म्हणाले, ‘अगं, हा काढा पाजतेयस की वरण?’ पानं एकावर आणली, लिंबू पिळलं, वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी दिली. सुगंधी रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात, म्हणून शेवटची फोडणी चमचाभर असली तरी काम करते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरण मागून घेतलं.

त्यांचा रक्तदाब पुढे आटोक्यात आला. श्रेय गोळ्यांचं आणि बंद झालेल्या वडापावाचं. ओव्याच्या पानानं रक्तदाब उतरला, असं मी लिहिलं तर तो खोटेपणा होईल. मसाल्यांच्या औषधी गुणांबद्दलचे बरेच दावे प्रयोगशाळेतल्या अर्कावरचे असतात. हळदीचंच घ्या. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पिपरीनमुळे हळदीतल्या कर्क्युमिनचं शरीरातलं शोषण कितीतरी पटींनी वाढतं. हा आकडा जाहिरातींत सतत दिसतो. पण त्या प्रयोगात दिलेलं कर्क्युमिन होतं २ ग्रॅम. हळदीत ते साधारण ३ टक्के धरलं, तर तेवढ्यासाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीत आपण चिमूटभर टाकतो.

आणखी दोन गोष्टी याच संदर्भात. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पिझ्झासोबत येणाऱ्या ‘ऑरेगानो सीझनिंग’च्या पुड्या जपून ठेवून भाजीत टाकणारे बरेच आहेत. त्या पुडीवरची घटकांची यादी एकदा वाचा. बऱ्याचदा त्यात मीठ असतं, कधी साखरही.

एवढं सगळं परदेशी बाटलीच्या निमित्तानं झालं. पण आमच्या भागातलं खरं महामिश्रण मे महिन्यात तयार होतं. बदलापूरच्या आसपासच्या गावांत, अंबरनाथच्या जुन्या वाड्यांत आणि आता इमारतींच्या गच्च्यांवरही मिरच्या वाळत पडतात. आगरी मसाल्यात रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, आणि मग धणे, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, तमालपत्र, बदामफूल, जायपत्री, मसाला वेलची, शहाजिरं, बडीशेप, खसखस, हळकुंड, हिंग, दगडफूल. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा आणि तो सहसा कागदावर नसतो. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाचा आकार, ओलावा आणि तेल वेगळं. दगडफूल क्षणात करपतं, हळकुंड वेळ खातं. मग डबे घेऊन डंकावर रांग. लोखंडी मुसळांखाली कांडलेला मसाला चक्कीतल्या मसाल्याइतका तापत नाही, त्यामुळे सुगंधी तेलं कमी उडतात. तरी तिथे उभं राहिलं की दोन मिनिटांत डोळे-नाक वाहू लागतं. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंवरच्या ग्राहीला चिकटतं, म्हणून ‘आग’ होते. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. दिवसभर डंक चालवणाऱ्या माणसाच्या नाकावर मात्र अजून साधा रुमालच असतो.

दगडफुलाबद्दल थोडं विषयांतर. हे फूल नाहीच. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे, शिलावल्क. १८६६ मध्ये विल्यम न्यूलँडर या फिनिश अभ्यासकानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शिलावल्कांकडे पाहून नोंदवलं होतं की शहरातली हवा बिघडली की ती नाहीशी होतात. हवेतले जड धातूही ती शोषून साठवतात. म्हणून दगडफूल ओळखीच्या दुकानातून, बेतानं घ्यावं आणि झटकून, निवडून वापरावं.

आता माझा स्वतःचा गुन्हा. गेल्या पावसाळ्यात माझ्या बरणीतला मसाला ऑगस्टमध्ये गोळे धरलेला, कुबट वासाचा निघाला. तीन किलो. मे महिन्यात एका दिवशी आभाळ भरून आलं म्हणून मी मिरच्या नीट वाळायच्या आधीच भाजल्या होत्या. घरातून सल्ला आला, ‘उन्हात घाल आणि परत भाज, फेकू नकोस.’ जीव तुटत होता, पण फेकला.

कारण असं. मिरचीवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस जातीच्या काही बुरशी अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून त्याचा छडा लागला. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं दगावली. ते लोक मका पोटभर खात होते, आपण मसाला चमच्यानं खातो, त्यामुळे एका जेवणानं असं काही होणार नाही. पण हे विष यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे, आणि मसाला आपण रोज, वर्षभर, लहान मुलांसकट खातो. आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे भाजल्यानं बुरशी मरते, तिनं आधी सोडलेलं विष मोठ्या प्रमाणात तसंच राहतं. परत भाजून काही साधत नाही.

उपाय सगळे मसाला होण्याआधीचे आहेत. मिरची मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. नुसती वाकत असेल तर अजून ऊन हवं. देठ काढताना एखादी मिरची उघडून पाहावी. आत करडी-काळी बुरशी दिसली, तर तशा सगळ्या बाजूला काढाव्यात. स्वस्तातली पांढरट, डागाळलेली मिरची रंग मिसळून खपत असते, तिच्या नादी लागू नये. कांडून आणलेला मसाला पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, नाहीतर झाकणाखाली वाफ धरते. बरणीत हिंगाचे खडे ठेवण्याची पद्धत किड्यांना दूर ठेवायला बरी, पण ओलावा हिंग थांबवत नाही. वसईकडच्या ईस्ट इंडियन बायका त्यांचा मसाला बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात. ठासल्यानं हवा कमी राहते, गडद काचेमुळे उजेड आत येत नाही आणि मिरचीचा रंग उडत नाही. यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही. तीळ-खोबरं असलेला गोडा मसाला मात्र तेलामुळे लवकर खवट होतो. तो तीन-चार महिन्यांपुरताच करावा. बाकीचा साठा फ्रीजमध्ये ठेवला, तर लहान-लहान डब्यांत भरावा आणि डबा बाहेर काढल्यावर खोलीइतका कोमट झाल्यावरच उघडावा. गार मसाल्यावर पावसाळी हवेतलं पाणी लगेच बसतं.

यंदा मी मिरच्या पाच दिवस वाळवल्या. डंकावर माझ्या पुढे मामी होत्या, दोन डबे घेऊन. एक नेहमीचा. दुसरा मामांसाठीचा, त्यात मिरची निम्मी, धणे-जिरं जास्त आणि मूठभर ओवा. ‘मीठ नाही हं घातलं,’ डंकावाल्यानं डबा उचलला तेव्हा त्यांनी त्याला बजावून सांगितलं. आमच्याकडे बरेच जण टिकावं म्हणून मसाल्यात खडेमीठ कांडून घेतात, आणि तो सवयीनं मूठभर टाकायच्या बेतातच होता.